आशीर्वाद होईपर्यंत लाकूडच

एक किस्सा सांगितला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. आमच्या कारखान्यात रोज संध्याकाळी भुसा झाडून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाहावं तर पायाखाली पुन्हा तेवढाच. किश्श्यांचंही तसंच झालंय. परवा धाकटी सून म्हणाली, "तुम्ही हे लिहून तरी ठेवा, म्हणजे जेवताना सांगणार नाही." लिहितो. पण वाचताना मध्येच 'हे खरंच झालं का हो?' असं विचारायचं नाही. मला राग येतो.

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि ड्रॉइंग हा विषय म्हणजे गणिताच्या मास्तरला तास कमी पडला तर द्यायचा, एवढीच त्याची किंमत होती. त्यामुळे मला वेळ भरपूर. शाळा सुटली की सायकल काढायची आणि सोपाऱ्याहून अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, केळीच्या वाडीला लागून एक कौलारू पडवी होती, तिथे जायचं. त्या पडवीलाच सगळे 'कारखाना' म्हणत. कारखान्यात माणसं दोन. इनासमामा आणि दामूभाऊ. रंगकामाला तिसरा मी.

इनासमामा ख्रिस्ती. ते लाकडात चर्चचे संत, मारियामाता, क्रूस कोरायचे. दामूभाऊ आमच्या भाऊबंदांतला. तो चातुर्मासात शाडूचे गणपती करायचा आणि एरवी लाकडाचे मारुती, देवीचे मुखवटे, देव्हारे. उजवीकडे इनासमामांचा ठोकळा, डावीकडे दामूभाऊचा, आणि बरोबर मध्ये धार लावायचा एकच दगड. वडिलांच्या वेळेपासूनची भागी. इनासमामा घरात त्यांची सामवेदी बोली बोलायचे, माझ्याशी मात्र शाळेची मराठी. मास्तरसमोर चूक व्हायला नको म्हणून. मी कधी त्यांना सांगितलं नाही की माझी स्वतःची मराठी फारशी धड नाही.

*

इनासमामांची एक सवय होती. काम करताना टोपी काढायची आणि समोर जो संत उभा असेल त्याच्या हातात अडकवायची. संतांचे हात बहुतेक पुढे केलेले असतात, त्यामुळे सोय उत्तम.

एकदा चर्चच्या कमिटीतल्या एक बाई ऑर्डर कुठपर्यंत आली ते बघायला आल्या. बघतात तर संत उभे, एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात इनासमामांची घामट टोपी. बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"इनास, अरे देवाला तरी भी!"

"बाय, अजून आशीर्वाद झालेला नाही," इनासमामा पटाशी न थांबवता म्हणाले. "आशीर्वाद होईपर्यंत लाकूडच. फादरनी एकदा पाणी शिंपडलं की मी याच्यापुढे गुडघे टेकणार आहे. तोवर याने माझी टोपी धरली तर काय बिघडलं?"

बाई दामूभाऊकडे वळल्या. तो तरी काही बोलेल असं त्यांना वाटलं असावं. दामूभाऊ शाडूच्या गणपतीला टेकून बिडी पेटवत होता.

"आमच्यातही प्राणप्रतिष्ठेपर्यंत मातीच," तो म्हणाला.

*

संत जोसेफचं, म्हणजे येशूच्या सुतार वडिलांचं, काम आलं तेव्हा चर्चकडून नमुन्याला एक चित्र आलं. परदेशात छापलेलं, गुळगुळीत कागद, गुलाबी गाल. संताच्या एका हातात करवत आणि दुसऱ्या हातावर बाळ येशू. कमिटीचा हुकूम होता की मूर्ती हुबेहूब चित्रासारखी हवी.

इनासमामांनी चित्र दोन दिवस भिंतीला लावलं आणि तिसऱ्या दिवशी उतरवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मास्तर, हा माणूस सुतार नाही. करवतीची मूठ बघा कशी धरलीय. अशी धरली तर पहिल्या फटक्यात अंगठा जाईल."

त्यांनी करवत नीट धरलेला संत घडवला. मनगट जाड, अंगठा मुठीवरून वळलेला, नखात जरासा भुसा अडकल्यासारखं. रंग मी दिला आणि हातांना मुद्दाम गुलाबी लावला नाही. कमिटी बघायला आली, चित्र शेजारी धरलं, आणि कुरकुर सुरू झाली. चित्रात असं नाही, चित्रात तसं नाही.

इनासमामा सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "ज्याला करवत धरता येत नाही, त्याच्या हातात तुम्ही तान्हं पोर द्याल का?"

कमिटी मूर्ती घेऊन गेली.

*

अर्नाळ्याचा एक तांडेल होता. मोठी होडी, मोठा आवाज. तो एक दिवस आला आणि दोघांच्या ठोकळ्यांमध्ये उकिडवा बसला.

"मला होडीत ठेवायला देव पायजे."

दामूभाऊने विचारलं, "कुठला?"

"दर्याचा."

"अरे पण दिसतो कसा? चार हात, दोन हात, मिशी, काय ते सांग."

तांडेलाने डोकं खाजवलं. "दिसत नाय. तेच तर. काळोखात पानी कापत जातो ना आम्ही, तवा वाटतं कोन तरी बाजूला बसलाय. बगावं तर नाय. तो पायजे."

एरवी अशा गिऱ्हाइकाला दामूभाऊने दारातूनच वाटेला लावलं असतं. पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आठ दिवस ते दोघे त्या एकाच कामावर होते, आणि त्या आठ दिवसांत मी त्यांना भांडताना पाहिलं नाही, हे विशेष. फणसाचा वीतभर तुकडा घेतला. इनासमामांनी आधी त्याला खांदे काढले, मग दामूभाऊने ते घासून टाकले. दामूभाऊने कपाळ काढलं, ते इनासमामांनी घासलं. शेवटी उरला तो नुसता गुळगुळीत, पिवळाधमक तुकडा. मला रंग लावू दिला नाही. मी रुसलो होतो, खोटं कशाला बोलू.

तांडेलाने तो दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याने चोळला आणि म्हणाला, "हाच."

वर्षाने तो पुन्हा आला. सोबत सुक्या बोंबलांची जुडी. दामूभाऊने विचारलं, "काय रे, देव बरा आहे ना?"

"बरा हाय," तांडेल म्हणाला. "फक्त तेल लय पितो."

*

आता ज्या गोष्टीवरून पुढचं सगळं रामायण झालं ती सांगतो.

आमच्या गावात केळीची सगळ्यात मोठी वाडी आबांची. त्यांच्या घरचा गणपती पुरुषभर उंच, आणि तो दरवर्षी दामूभाऊच करायचा. त्या वर्षी चतुर्थीला दोन दिवस उरले होते. सगळ्या घरचे गणपती झाले होते, आबांच्या गणपतीचे फक्त डोळे राहिले होते. दामूभाऊची रीत अशी की डोळे सगळ्यात शेवटी, सकाळच्या उजेडात, उपाशीपोटी. आणि नेमका त्याच सकाळी आमचा एक चुलतभाऊ वारला. आम्हां सगळ्या भाऊबंदांना दहा दिवसांचं सूतक. दामूभाऊने मूर्तीला हात लावायचा नाही. मीही नाही.

दामूभाऊ कारखान्याच्या बाहेर दहा पावलांवर माडाखाली उभा. मी त्याच्या शेजारी. आत आंधळा गणपती आणि इनासमामा.

"इनास," दामूभाऊ ओरडला, "तूच काढ."

इनासमामा बाहेर आले. "अरे मी कसा?"

"तू मारियाचे काढतोस ना? तसेच काढायचे. डोळे ते डोळे."

इनासमामा घरी गेले, आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. बाहेरून दामूभाऊच्या सूचना सुरू. पापणी जाड कर, बुबुळ मध्ये ठेव, कुंचला चाटू नकोस. या शेवटच्या सूचनेची खरोखर गरज होती. इनासमामा नेहमी कुंचला ओठांनी टोकदार करायचे. त्या दिवशी त्यांनी शर्टाच्या बाहीने केला.

आता मारियामातेचे डोळे कसे असतात? ती समोर बघत नाही. गुडघे टेकून जो खाली बसलाय त्याच्याकडे बघते. इनासमामांच्या हाताला तेवढंच वळण होतं. गणपती आबांच्या घरी गेला, आरती झाली आणि आबांची आई, वय ऐंशी, कंबरेत वाकलेली, घरातल्या कुणाशीही तिचं पटत नसे, ती मखरापुढे बसली ती उठेचना.

"इतकी वर्षं हा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायचा," ती म्हणाली. "यंदा माझ्याकडे बघतोय."

पाच दिवस म्हातारी कुणावर ओरडली नाही. आबांनी विसर्जनाआधी दामूभाऊला निरोप पाठवला की पुढच्या वर्षी डोळे असेच हवेत. दामूभाऊ कपाळाला हात लावून बसला. पुढच्या आषाढात तो रोज दुपारी इनासमामांकडून खाली बघणारे डोळे शिकत होता, आणि त्याला ते कधीच नीट जमले नाहीत. नेहमी गणपती जरासा झोपाळू दिसायचा.

अशी गोष्ट झाकून थोडीच राहते? विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी गावात समजलं की आबांच्या गणपतीचे डोळे ख्रिस्ती हाताचे. देवळाच्या पंचांनी बैठक बोलावली. भटजींना विचारलं, आता प्रायश्चित्त काय?

भटजी पान लावत होते. "गणपती तळ्यात गेला," ते म्हणाले. "नैवेद्य पोटात गेला. प्रायश्चित्त आता देऊ कुणाला, माशांना?"

आमच्या बाजूने ते तिथेच मिटलं. दुसऱ्या बाजूने मात्र तिथेच सुरू झालं.

*

त्याच सुमारास चर्चला नवे फादर आले होते. तरुण, उंच, फार शिकलेले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. नियमाचा पक्का होता एवढंच. त्यांच्या कानावर डोळ्यांची गोष्ट गेली आणि एका दुपारी ते कारखान्यात आले. आत फळीवर मारियामाता आणि महिषासुरमर्दिनी शेजारीशेजारी वाळत होत्या. वाळत असल्यामुळे दोघींच्या अंगावर एकच गोणपाट.

फादरनी फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "इनास, ज्या हातांनी हे होतं, त्याच हातांनी ते होऊ नये. कारखाना वेगळा करा. तोवर चर्चचं काम तुम्हांला देता येणार नाही."

"फादर, पडवी अर्धी त्याची आहे. मी त्याला कुठे घालवू?"

"मग तुम्ही जा."

हे सगळं दामूभाऊच्या देखत.

इनासमामांनी फादरचं अगदीच ऐकलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी गोणपाटं शिवून दोघांच्या मध्ये छपरापासून जमिनीपर्यंत पडदा टांगला. पण धारेचा दगड बरोबर मध्ये. तो हलवायचा म्हणजे जमीन उकरायची. मग पडद्यालाच दगडाएवढं भोक पाडलं. पुढच्या वेळी फादर बघायला आले तेव्हा भोकाच्या या बाजूने एक हात, त्या बाजूने एक हात, आणि दोन्ही हात एकाच दगडावर पटाशा घासत होते. पडद्यापलीकडून दामूभाऊचा आवाज आला, "इनास, तुझं पाणी माझ्याकडे येतंय."

फादर आले तसे परत गेले.

*

आता जरा नीट ऐका.

इनासमामांनी आयुष्यात दोनेकशे मूर्ती केल्या असतील. पण ते म्हणायचे, "त्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या. माझा एकच." तो एक म्हणजे चर्चमधला क्रूसावरचा प्रभू. पुरुषभर उंचीचा, फणसाच्या लाकडाचा. पंचविशीत असताना, गुड फ्रायडेआधीचा चाळीस दिवसांचा अख्खा उपवासकाळ घालवून त्यांनी तो केला होता. त्याचे दोन्ही हात खांद्यात मिटायचे. आत लाकडी खुंटी आणि वरून चामड्याची पट्टी, रंगवलेली, म्हणजे सांधा दिसत नाही. दर गुड फ्रायडेला संध्याकाळी प्रभूला क्रूसावरून उतरवायचे, ढिले बसवलेले खिळे हातानेच काढायचे, दोन्ही हात हळूच अंगाशी मिटवायचे, आणि काचेच्या अरुंद पेटीत निजवून गावातून मिरवणूक न्यायची. सगळं गाव पायांचा मुका घ्यायचं. इनासमामाही रांगेत उभे राहायचे. स्वतः कोरलेल्या पायांपुढे वीस वर्षं तो माणूस गुडघे टेकत होता, आणि दरवर्षी रडत होता.

नव्या फादरांनी उपवासकाळाच्या सुरुवातीला प्लास्टरचा नवा प्रभू मागवला. मुंबईहून, भुशात बांधलेलं पार्सल. आणि जुना बैलगाडीत घालून, चटईत गुंडाळून, कारखान्यात पाठवून दिला.

गाडी दाराशी थांबली तेव्हा इनासमामांनी टोपी काढली आणि हातातच धरून उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. हा आता लाकूड नव्हता. वीस वर्षांपूर्वी पाणी शिंपडून झालं होतं. याच्या हातात टोपी अडकवायची सोय नव्हती.

"मास्तर, मला काही नको," ते मला म्हणाले. "नाव नको, काम नको. पण मी मरायच्या आधी हा परत त्याच्या जागी गेला पाहिजे. नाहीतर मी काय केलं जन्मभर?"

दामूभाऊने पडद्याच्या त्याच्या बाजूचा कोरडा कोपरा रिकामा केला. तिथे गळत नव्हतं. स्वच्छ चटई अंथरली, प्रभूला निजवलं आणि त्या दिवसापासून बिडी ओढायला बाहेर जायला लागला. रोज सकाळी उदबत्ती लावायचा.

"अरे, आमच्यात अशी पद्धत नाही," इनासमामा म्हणाले.

"तुझ्यात नसेल. पाहुणा माझ्या बाजूला आहे."

उदबत्ती लावताना दामूभाऊला दिसलं की उजव्या खांद्यातली खुंटी भुंग्याने पोखरलीय. डावीही तशीच. इनासमामांनी दोन्ही हात सोडवून ठेवले. घाई कसली होती? आता कुणाला लागणार होता तो?

*

गुड फ्रायडे आला.

एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागातली जुनी ख्रिस्ती माणसं त्या दिवशी हातोडा उचलत नाहीत. खिळा नाही, पटाशी नाही, कुऱ्हाड नाही. त्या दिवशी ठोकणं म्हणजे प्रभूला पुन्हा ठोकणं. चुलीची लाकडंसुद्धा आदल्या दिवशी फोडून ठेवतात.

दुपारी बाराच्या सुमारास चर्चमध्ये मोनीबाय नावाच्या बाई काचेच्या पेटीत चादर घालायला गेल्या. दरवर्षी त्याच घालायच्या. चादर घालून झाली, वर प्लास्टरच्या प्रभूकडे पाहिलं आणि त्यांनी फादरना विचारलं, "फादर, ह्यांचे हात कुठून मिटतात?"

फादर म्हणाले, "मिटतात म्हणजे?"

ते ज्या गावाहून आले होते तिथे अशी पद्धतच नव्हती. आणि आमच्या गावात चाळीस दिवस कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं. का? तर फादरना कोण शिकवणार! ते एवढे शिकलेले, त्यांनी काहीतरी विचार केलाच असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

मग धावपळ. पेटी दीड हात रुंद, प्रभूचे हात चांगले चार हात पसरलेले. कुणी म्हणालं आडवा ठेवू. कुणी म्हणालं पेटीच्या बाजू काढू, पण बाजू काढायला हातोडा लागतो आणि हातोडा कुणी उचलेना. एक वयस्क गृहस्थ चाचरत म्हणाले, "प्लास्टरच आहे. करवतीने हात जर..." फादर तिथल्या बाकावर मटकन बसले.

आता त्या संध्याकाळी काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण माझा खरा किस्सा त्याच्या आधीचा आहे.

संध्याकाळी क्रूसावर जुना प्रभू होता. खिळे काढले आणि दोन्ही हात असे हळुवार खाली आले की बायकांच्या बाजूने एक हुंदका उठला. पेटीत तो नीट मावला. मिरवणूक निघाली, दोन तास रांग चालली. इनासमामा रांगेत होते आणि यंदा ते रडले नाहीत, नुसते हसत होते. दामूभाऊ वाडीच्या कुंपणापाशी टोपी काढून उभा होता. पेटी समोर आली तेव्हा त्याने नमस्कार केला आणि मान वाकडी करून उजवा खांदा नीट बसलाय का तेही बघून घेतलं. तो प्रभू नंतर कारखान्यात परत आला नाही. प्लास्टरचा चर्चच्या शाळेत भिंतीवर लागला, तिथे तो शोभायचाही. आणि मधल्या पडद्याची गोणपाटं मी रंगाचे हात पुसायला वापरली. बरीच वर्षं पुरली.

*

तर ती दुपार.

आम्ही तिघे कारखान्यात होतो. इनासमामा पांढरे कपडे घालून, हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. पडद्यापलीकडे दामूभाऊ हनुमान जयंतीचा मारुती घासत होता. चैत्रातलं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या उन्हात फादर पायी आले. झगा धुळीने भरलेला, चेहरा लाल. आल्याआल्या त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"इनास, मला तुमचा प्रभू परत हवा आहे. आजच."

इनासमामा उठून उभे राहिले. ज्याची वाट बघत होते ते दारात आलं होतं.

"फादर, त्याचे हात सोडवलेत. खुंट्या ठोकल्याशिवाय बसणार नाहीत. आणि आज मी हातोडा उचलू शकत नाही."

"हा नियम चर्चचा नाही, इनास. ही लोकांची समजूत आहे. मी तुम्हांला परवानगी देतो."

"तुमच्या परवानगीचा प्रश्न नाही, फादर. मला माझ्या आईने सांगितलंय."

पडद्यापलीकडचा घासण्याचा आवाज थांबला होता.

फादरनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग पुढे झाले आणि गोणपाट स्वतःच्या हाताने बाजूला केलं.

"दामूभाऊ," ते म्हणाले, "तुम्ही हात बसवून द्याल का?"

दामूभाऊने मारुती खाली ठेवला. "देईन. पण दोन माणसं लागतील. हा उभा धरावा लागतो."

आम्ही प्रभूला चटईवरून उठवून उभं केलं. इनासमामांनी खाली बसून पाय धरले, हातोड्याशिवायचं काम म्हणून. पुढून घट्ट धरायला कुणीतरी उंच माणूस हवा होता. मी बुटका. फादरनी बाह्या वर सारल्या आणि प्रभूला समोरून मिठी मारून धरलं. त्यांचा गाल लाकडाच्या छातीला टेकला होता. मी सुटा उजवा हात खांद्याशी, वर उचलून धरला.

दामूभाऊ मागे गेला. त्याच्या रीतीप्रमाणे हातोडा कपाळाला लावला आणि मोठ्याने म्हणाला, "देवा, माफी असावी." आशीर्वाद झालेल्या मूर्तीला आजवर त्याने कधी हत्यार लावलं नव्हतं. मग गिरमिटाने पोखरलेलं लाकूड काढलं, फणसाची नवी खुंटी खोबरेल लावून खांद्यात घातली आणि ठोकायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याला इनासमामा डोळे मिटायचे. फादरच्या अंगालाही प्रत्येक ठोका लागत होता, ते मला दिसत होतं. बाहेर केळीची पानंसुद्धा हलत नव्हती.

सहाव्या की सातव्या ठोक्याला खुंटी बसली. दामूभाऊने मागून आवाज दिला, "मास्तर, सोडा."

मी सोडला. नवी खुंटी, त्यात तेल. हात धाडकन पडला नाही. सावकाश खाली आला आणि फादरच्या पाठीवरून त्यांच्या खांद्यावर टेकला.

फादर हलले नाहीत. खाली इनासमामांनी मान वर करून पाहिलं आणि तोंडावर हात धरला. फादरचे डोळे मिटलेले होते, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मागे असलेल्या दामूभाऊला यातलं काहीच दिसत नव्हतं. तो दुसरी खुंटी तेलात बुडवत होता.

"फादर, तसेच थांबा," तो म्हणाला. "अजून एक हात बाकी आहे."